पाहुण्यांचं फडकं

९ जानेवारी
हिल्सबरो, कॅरियाकू बेट

व्हर्लिन,

तुझ्या डॅडींचा दगड आला. गुरुवारच्या मालाच्या बोटीने आला, सिमेंटच्या पोत्यांमध्ये गोणपाटात गुंडाळलेला. चौघांनी उचलून घरात आणला. कबरीवर बसवेपर्यंत दगड घरात पलंगावर निजवायचा आणि वर पांढरी चादर घालायची, हे तुला सांगायला नको. माझ्या खोलीत शिवणाचं मशीन आणि कपड्यांचे गठ्ठे आहेत, म्हणून तुझ्या पलंगावर ठेवला. फळ्या मोडतील असं वाटलं होतं. पण पलंग त्यांनीच केलेला आहे, मोडला नाही.

दगड बसवायचं ईस्टरनंतरच्या शनिवारी, २२ एप्रिलला ठरलं आहे. जेवण होईल, ढोल होतील. चार वर्षं झाली, आता आणखी लांबवणं बरं दिसत नाही. जमिनीला पहिलं पाणी पोटच्या मुलाने घालायचं, आणि तू एकटीच आहेस. तू आली नाहीस तर डेन्झिल घालेल. पुतण्या चालतो, मी विचारून घेतलं आहे. तरी तुला कळवायला हवं म्हणून कळवते.

पत्राच्या सुरुवातीला गुड मॉर्निंग नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. इंग्लंडात हडर्सफील्डला इतकी वर्षं राहून कदाचित आलंही नसेल. मी विसरलेले नाही. त्याला कारण आहे, ते आत्ता लिहीत नाही. फोन न करण्याचं कारणही तेच. फोनवर पहिल्यांदा तेच म्हणावं लागतं.

पावसाची टाकी अर्धी आहे. माझी तब्येत ठीक आहे. डॉक्टर म्हणतात, रक्तदाब तरुण मुलीसारखा आहे. मला हल्ली कशाचंच काही वाटत नाही, म्हणून असेल.

इस्मे लेंडोर


२ फेब्रुवारी

व्हर्लिन,

उत्तर आलं नाही. टपालाला तीन आठवडे लागतात हे धरून पुन्हा लिहिते.

धक्क्यावरच्या पर्यटन कचेरीतला ग्लेनरॉय आला होता. तुझ्या वर्गात होता, पुढचे दात फाकलेले. आता टाय लावतो. म्हणाला, “मिस इस्मे, या मोसमात यॉटवाले दुपटीने आलेत आणि छोटी जहाजंही येणार आहेत. लोकांच्या तक्रारी येतायत. पाहुण्यांना वाटायला एक पत्रक हवंय, काय घालायचं, कसं बोलायचं. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?”

मी म्हटलं, “मी शिंपीण आहे. मास्तरांना सांग.”

“मास्तर चार पानं लिहितील. तुम्ही तेवीस वर्षं चर्चच्या दारात उभ्या राहताय. तुमचं एका वाक्यात होतं.”

ते खरं आहे. मग बसून लिहिलं. पोहण्याचे कपडे किनाऱ्यावरच ठेवावेत, गावात येताना अंगभर घालावं. पुरुषांनी सदरा घालावा, पोट कितीही चांगलं असलं तरी. सैनिकांसारखे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घालू नयेत, तो कायदा आहे, पोलीस उतरवून घेतात. मागच्या महिन्यात एका जर्मन आजोबांची पँट जप्त झाली आणि ते टॉवेल गुंडाळून होडीवर परत गेले. दुकानात, बसमध्ये, बँकेत, कुठेही शिरताना आधी गुड मॉर्निंग म्हणावं, दुपारी गुड आफ्टरनून, अंधार पडल्यावर भेटतानाही गुड नाइट. काही मागायचं असेल तर ते त्यानंतर.

हे शेवटचं ऑटीच्या दुकानामुळे घातलं. परवा मी तिथे मीठ घ्यायला गेले होते. दोघं गोरे आले, अंगावर समुद्राचं पाणी, बाईच्या अंगावर दोन चिंध्या. पुरुष म्हणाला, “पाव आहे?”

ऑटी म्हणाली, “गुड मॉर्निंग.”

“पाव आहे का?”

“गुड मॉर्निंग.”

त्याला वाटलं ऑटीला कमी ऐकू येतं. तो मोठ्याने ओरडला, “पाव! ब्रेड!” आणि हाताने कापून दाखवलं.

ऑटीने त्याच्याहून मोठ्याने गुड मॉर्निंग म्हटलं. असं पाच वेळा झालं. शेवटी त्याच्या बायकोच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने हळूच गुड मॉर्निंग म्हटलं. ऑटी गोड हसली आणि म्हणाली, “गुड मॉर्निंग, बाळा. पाव संपलाय.”

तू असतीस तर हसली असतीस. मीही हसले, तेवढ्यापुरती.

चर्चमधली फडकी मोजली. उघड्या खांद्यांनी येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी दाराशी पेटीत ठेवते ती. उरलेल्या कापडांची शिवलेली, काठ दुमडलेली, बारा होती. आता अकरा आहेत. पिवळ्या जास्वंदीचं तुझ्याकडे आहे. परत पाठव असं म्हणत नाही.

विषय निघालाच आहे तर लिहिते. डॅडींच्या मातीच्या दिवशी चर्चच्या दारात मी तुला ते फडकं दिलं, ते सवयीने दिलं. तू विमानातून उतरून तशीच आलेली, बॅग हरवलेली, बिनबाह्यांचा बनियन आणि जीन्स. दारातून उघडे खांदे आत आले की माझा हात आपोआप पेटीत जातो. तोंडही आपोआप बोलतं. “गुड मॉर्निंग, मॅडम. खांदे झाकून घ्या.” तेवीस वर्षांत किती जणींना म्हटलं असेल. तुला वाईट वाटलं असणार. तू मागच्या बाकावर, पाहुण्यांच्या बाकावर जाऊन बसलीस.

रात्री तू डेन्झिलकडे राहिलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी येऊन हाका मारल्यास, असं नंतर कळलं. डॉक्टरांनी गोळी दिली होती, मी झोपले होते. कुणी ओ दिली नाही म्हणून तू आत आली नाहीस आणि बोटीने गेलीस. एवढंच झालं. त्यावरून चार वर्षं धरून बसण्यासारखं काही नाही.

इस्मे लेंडोर


२७ फेब्रुवारी

व्हर्लिन,

ग्लेनरॉयला पत्रक आवडलं. एकच शंका काढली. म्हणाला, “मिस इस्मे, गावात कुणाच्या घरी जायचं झालं तर? ते तुम्ही लिहिलंच नाही.”

मी म्हटलं, “पाहुण्यांनी लोकांच्या घरी कशाला जायचं?”

“जातात हो. पाणी मागायला, कोंबडी विकत मागायला, कुणी फोटो काढायला. सरळ फाटक उघडून ओसरीवर येतात. परवा माझी आजी आंघोळ करून टॉवेलवर होती.”

म्हणून लिहिलं की फाटकाबाहेर उभं राहावं. मोठ्याने गुड मॉर्निंग म्हणावं आणि विचारावं, आहे का कोणी घरात? आतून उत्तर येईपर्यंत कडीला हात लावू नये. आतल्या माणसाने आधी बोलायचं नसतं.

ग्लेनरॉयने विचारलं, “आणि उत्तर नाही आलं तर?”

मी लिहिलं, तर परत जावं.

ऑटी शेजारी बसून वाटाणे सोलत होती. ग्लेनरॉय गेल्यावर म्हणाली, “जगाला शिकवतेस, छान आहे. घरचा अभ्यास कधी करणार?”

“कसला अभ्यास?”

“इस्मे, मी त्या दिवशी अंगण झाडत होते. इथेच, कुंपणापलीकडे. चार वर्षं तोंड शिवून बसलेय, आणि माझं तोंड तुला माहितीय.”

“मग आणखी चार वर्षं शिवून ठेव.”

“तुझ्या खिडकीच्या झडपा हलल्या. आणि त्या दिवशी वारा नव्हता. पान हलत नव्हतं.”

मी तिला वाटाण्यात कीड आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “कीड आहेच. पण वाटाण्यात नाही.” आणि तिने टोपलं उचललं आणि गेली. दोन दिवस बोलायला आली नाही. मग गुड मॉर्निंग म्हणाली, मी उत्तर दिलं, आणि ते प्रकरण संपलं. आमच्यात असं संपतं.

मी झोपले होते असं मागच्या पत्रात लिहिलं, ते बरोबर नाही. गोळी मी घेतलीच नव्हती. जागी होते, मागे स्वयंपाकघरात होते. चहाचं आधण ठेवलेलं, त्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल. झडपांचं मला माहीत नाही. जुन्या आहेत, आपसूक पडतात.

तुझ्या खोलीत रोज जाते, चादरीवरची धूळ झटकते. दगडावर त्यांचं नाव नीट कोरलंय, फक्त कथबर्टमध्ये एक टिंब जास्त आहे. कोरणाऱ्याचा हात घसरला असेल. कुणाच्या लक्षात येणार नाही. माझ्या रोज लक्षात येतं.

दोन महिनेही उरले नाहीत. भाताच्या गोळ्यांसाठी तांदूळ सांगून ठेवला. दोन बकरे डेन्झिल देतो आहे. तू येणार असशील तर एक ओळ पाठव. येणार नसशील तरीही पाठव.

इस्मे लेंडोर


३ एप्रिल

व्हर्लिन,

आज सकाळी एक बाई थेट घरात आली.

मी मशीनवर होते. ढोलवाल्या बायकांचे परकर शिवायचे आहेत. पायरीवर पावलं वाजली म्हणून मान वर केली, तर दारात एक तरुण गोरी मुलगी, उन्हाने नाक सोललेलं, हातात दोन रिकामे पाण्याचे डबे. फाटक उघडून, अंगण ओलांडून, तीन पायऱ्या चढून आली होती. हाक नाही, काही नाही. म्हणाली, “हाय! टाकीतलं पाणी मिळेल का थोडं?”

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. तेवीस वर्षांचं. पण मी तिच्या मागे फाटकाकडे बघत राहिले. ते सताड उघडं होतं. तिने एका बोटाने कडी उचलली असणार. त्या कडीला जोर लागत नाही. तुझ्या डॅडींनी ती मुद्दाम हलकी केली होती, तू चार वर्षांची असताना, तुला उघडता यावी म्हणून.

त्या मुलीला नियम माहीत नव्हता, म्हणून ती माझ्या घरात उभी होती. तुला तो माहीत होता, याच घरात जन्मलेली तू, आणि तू उन्हात रस्त्यावर उभी राहिलीस.

मी तिला दोन्ही डबे भरून दिले. गुड मॉर्निंगबद्दल काही बोलले नाही. ती जाताना थँक यू म्हणाली आणि फाटक उघडंच टाकून गेली. मी लावायला गेले आणि कडी हातात धरून बराच वेळ उभी राहिले. शेवटी ऑटीने तिच्या अंगणातून विचारलं, “काय गं, गंजली का?”

आता खरं लिहिते. एकदाच लिहीन, नीट वाच.

मी स्वयंपाकघरात नव्हते. पुढच्या खोलीत, झडपांच्या मागे उभी होते. तू वळणावर दिसलीस तेव्हापासून. हातात ती हिरवी बॅग होती, आदल्या संध्याकाळी विमानतळावरून आलेली. तू फाटकाशी थांबलीस. मला वाटलं, आता उघडेल. तू उघडलं नाहीस. तू परक्या माणसासारखी उभी राहिलीस आणि म्हणालीस, “गुड मॉर्निंग! आहे का कोणी घरात?” आपल्याच घराला. मी मोजलं. सात वेळा म्हणालीस. चौथ्यानंतर मम्मी म्हणालीस. सहाव्यांदा तुझा आवाज फाटला. सातव्या हाकेनंतर तू बॅग उचललीस. मी झडप खाली केली ती तू दिसेनाशी झाल्यावर. ऑटीने तीच पाहिली असणार.

उत्तर का दिलं नाही, याचं मला चार वर्षांत चांगलं कारण सापडलेलं नाही. वाईट कारण आहे, ते सांगते. तू आठ महिने आली नाहीस. ते अंथरुणाला खिळले होते आणि रोज बोटीचा भोंगा वाजला की विचारायचे, “आली का?” मी म्हणायचे, पुढच्या बोटीने. तुझे राहण्याचे कागद व्हायचे होते, मधेच निघालीस तर परत जाता आलं नसतं, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. ते समजून घ्यायचे, मीच घ्यायचे नाही. कागद झाले आणि तू शनिवारचं तिकीट काढलंस. ते मंगळवारी गेले. यात तुझा काय दोष, असं ऑटी म्हणते. मीही म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते.

आणि चर्चच्या दारातलं. तेही सवयीने झालं नाही. तू आदल्या दिवशी मोठ्या बेटावरून, सेंट जॉर्जेसहून फोन केलास, बॅग आली नाही, अंगावरच्याच कपड्यांनी येते म्हणालीस. म्हणून मी तुझ्यासाठी घरून काळी शाल आणली होती. माझी चांगली, झालरीची. माझ्या काखेत होती, कागदात गुंडाळलेली. तू पायऱ्या चढून आलीस, पायऱ्यांवर चाळीस माणसं उभी होती, आणि तू कुणालाच काही म्हणाली नाहीस. ना मिस ऑटीला, ना काकांना, ना मला. सरळ डॅडींच्या शवपेटीकडे निघालीस. मला वाटलं, बघा, इंग्लंडहून आली, पाहुणी झाली. मग पाहुण्यांसारखं घे. मी शाल काखेतच ठेवली आणि हात फडक्यांच्या पेटीत घातला.

तुझ्या डोळ्यांपुढे तेव्हा बाप होता. चाळीस माणसं तुला दिसलीच नसतील. हे कळायला मला फार अक्कल लागायला नको होती.

शाल अजून त्याच कागदात आहे.

गुड मॉर्निंगने पत्र का सुरू करत नाही, ते आता कळलं असेल. तुझ्या सात हाका माझ्याकडे पडून आहेत. एकीलाही ओ दिली नाही. त्यांवर मी आपलं गुड मॉर्निंग कोणत्या तोंडाने ठेवू?

माफ कर असं लिहायला हात जात नाही. कारण आतून रडूबिडू काही येत नाही. लाकूड झालंय. लाकडाने मागितलेली माफी तू घेशील का, माहीत नाही. तरी मागते. माझं चुकलं, व्हर्लिन. ये.

इस्मे


१८ एप्रिल

व्हर्लिन,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही, तरी लिहिते. मागचंही मिळालं असेल का, शंका आहे.

डेन्झिलला पाणी घालायचं सांगून ठेवलं. तो म्हणाला, “काकू, शुक्रवारच्या बोटीपर्यंत थांबू.” मी म्हटलं, “थांबून काय होतं?” तो म्हणाला, “काही नाही होत. थांबतो.”

तांदूळ आला. बकरे आले, अंगणात ओरडतात. परकर झाले.

इस्मे


१४ मे

गुड मॉर्निंग, व्हर्लिन.

लिहिलं. पेन थांबलं नाही.

तू पोचल्याचा फोन केलास तेव्हा घाईत होतीस, आणि धक्क्यावर बोट सुटता सुटता जे विचारलंस त्याचं उत्तर राहून गेलं. “मम्मी, सरळ फाटक उघडून मला जवळ घ्यायचं. मागच्या दाराने का गेलीस?” आता सांगते.

शुक्रवारच्या बोटीने तू आली नाहीस. डेन्झिल दोनदा धक्क्यावर जाऊन आला. शनिवारी सकाळी अंगण भरलं. तीन चुलींवर हंडे चढले होते. ढोलवाले कातडं शेकत होते. दगड बाहेर काढायची वेळ अकराची. मी तुझ्या खोलीत चादर नीट करत होते. बाहेरचा गलबला एकदम थांबला. आधी ढोल, मग बायका, मग मुलंसुद्धा. ऑटी आत आली आणि म्हणाली, “इस्मे, फाटकाशी बघ.”

मी त्याच झडपा उघडल्या.

तू उभी होतीस. सकाळच्या मालाच्या बोटीने आलीस, ते नंतर कळलं. तीच हिरवी बॅग. चांगला काळा झगा घातला होतास, आणि त्यावर खांद्यांवरून पिवळ्या जास्वंदीचं ते फडकं. इस्त्री केलेलं, पुढे गाठ मारलेलं, आम्ही पाहुण्यांना शिकवतो तशी. आणि तू हाक मारत नव्हतीस. नुसती उभी होतीस.

साठ माणसं अंगणात होती, कुणी बोलेना. बाहेरचा बोलल्याशिवाय आतल्याने बोलायचं नाही, हे सगळ्यांच्या हाडात. आणि तू बोलणार नव्हतीस. सात वेळा बोलून झालं होतं तुझं, आठव्यांदा कोण बोलेल? डेन्झिल कुजबुजला, “काकू, बोलवा ना तिला.” मला बोलवायचं होतं. खोटं सांगत नाही, मी तोंड उघडलं. पण मी आतून ‘ये’ म्हटलं असतं तर मी घरची झाले असते आणि तू पाहुणी. फाटक मी उघडलं असतं तरी तेच. मेहेरबानी केल्यासारखं. ते एकदा चर्चच्या दारात करून झालं होतं.

म्हणून मागच्या दाराने निघाले. ऑटीच्या कुंपणाच्या भोकातून, जिथून तिच्या कोंबड्या येतात. परकर अडकून फाटला. तू विचारत होतीस ना, माझा परकर कसा फाटला. तसा. तिच्या अंगणातून रस्त्यावर आले, वळसा घालून तुझ्या शेजारी येऊन उभी राहिले. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मीही तुझ्याकडे बघितलं नाही. दोघी घराकडे बघत होतो. बाहेरून आपलं घर केवढं लहान दिसतं.

मी हाक मारली. “गुड मॉर्निंग! आहे का कोणी घरात?”

साठ माणसं होती गं आत. कुणी ओ दिली नाही. तुझा लांबचा मामा द्यायला निघाला होता, ऑटीने त्याच्या तोंडावर हात ठेवला, नंतर कळलं. दुसरी हाक मारली. तिसरी. ऊन डोक्यावर होतं. चौथ्या हाकेला मला कळलं की रस्त्यावर उभं राहून आपल्याच घराला हाक मारताना पाय कसे होतात. पाचवीला मी तुझं नाव घेतलं. सहावीला माझा आवाज फाटला, तुझाही तिथेच फाटला होता.

तेव्हा तू कडी उचललीस. बॅग माझ्या पायाशी ठेवलीस आणि आत गेलीस. तीन पायऱ्या चढलीस, दार ओढून घेतलंस. मला वाटलं, आता आपल्यालाही परत जावं लागणार. कुठे जाणार होते, कुणास ठाऊक. मग पुढच्या खोलीच्या झडपा हलल्या. वारा नव्हता.

मी सातवी हाक मारली. ती कुणाला ऐकू गेली असेल असं वाटत नाही. ओठच हलले असतील.

तू लगेच बोलली नाहीस. किती वेळ गेला, ते यावेळी मी मोजलं नाही.

“गुड मॉर्निंग, मम्मी. ये आत.”

त्यानंतरचं तुला माहीत आहे. मी पायरीवर बसले आणि उठेना, आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला त्याला ऑटी अजून बकऱ्याचा आवाज म्हणते. म्हणू दे. चार वर्षांचं एकदम आलं. तू जमिनीला पाणी घातलंस तेव्हा मी तुझं कोपर धरलं होतं, ते आठवत असेल. दगड नीट बसला आहे. ते जास्तीचं टिंब तुलाही दिसलं. तू म्हणालीस, डॅडींनी मुद्दाम करून घेतलं असेल, आपण भांडावं म्हणून. तुझ्या पलंगावर आता गादी आहे, फक्त मधे फळ्या दबून खड्डा पडलाय. मी भरून घेतला नाही.

पत्रक छापून आलं, एक सोबत पाठवते. शेवटच्या नियमात मी फेरफार केला. ग्लेनरॉय म्हणाला, “छापायला गेलंय, मिस इस्मे.” मी म्हटलं, “परत आण.” आता असं आहे: उत्तर आलं नाही तर थोडं थांबून पुन्हा हाक मारावी. त्याच्या मते यामुळे पाहुणे तासन्‌तास लोकांच्या फाटकाशी ओरडत राहतील. राहू देत.

काळी शाल तू नेलीस, बरं केलंस, तिकडे थंडी असते. पिवळं फडकंही नेलंस, ते का, हे मी विचारलं नाही. पेटीत अकराच आहेत. बारावं शिवायला घेतलं नाही.

परवा सकाळी पावाची गाडी घेऊन येणाऱ्या बाईने फाटकातून हाक मारली. मी न्हाणीघरात होते, डोळ्यांत साबण. तिथूनच ओरडले, “गुड मॉर्निंग! आहे मी, आहे! थांब!” तिने पहिलीच हाक मारली होती. कुंपणापलीकडून ऑटी ओरडली, “अगं इस्मे, आधी अंगावर काहीतरी घे!”

मी अंगावर नंतर घेतलं.

तुझी,
मम्मी